पुढच्या पिढीत बघा

पावसाळ्यात बाहेरगावचे लोक नळदुर्गला किल्ल्यातला नर-मादी धबधबा बघायला येतात. इब्राहिम आदिलशाह दुसरा याच्या काळात, 1613च्या सुमारास, बोरी नदीवर बांध घातला आणि त्या बांधाच्या पोटात पाणीमहाल बांधला. नदीला भरपूर पाणी आलं की बांधावरून दोन धारा कोसळतात, एक नर आणि एक मादी. पाणी नसलं की पाहुणे कोरड्या दगडांपुढे फोटो काढतात, भजी खातात आणि सोलापूरच्या वाटेला लागतात. गावातल्या माणसांना एवढी पायपीट नको असते. ते अण्णांकडे पाखरं बघायला जातात. तिथंही बहुधा हाच प्रकार होतो. ज्या पाखराचं वर्णन ऐकून माणूस गेलेला असतो, ते पाखरू अजून जन्मलेलं नसतं.

“हे दोघं दिसतात ना हिरवे? ह्यांच्यावर जाऊ नका,” अण्णा पिंजऱ्याला बोट लावून सांगतात. “पुढच्या पिढीत बघा.”

असे अण्णा एकाच गावात असतात असं नाही. कोल्हापुरात ते कबुतरांच्या खुराड्यापाशी उभे असतात, मुंबईत गॅलरीतल्या गप्पी माशांच्या टाकीपुढे आणि अमेरिकेत तळघरातल्या सापांच्या खणांसमोर. ओळखायची खूण सोपी आहे. समोर जे आहे त्याच्याबद्दल हा माणूस फार बोलत नाही. जे यायचं आहे त्याच्याबद्दल मात्र तासभर बोलतो आणि तेवढ्यात तुमच्या चहावर साय धरते.

आमचे अण्णा एस.टी.तून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले. उभा जन्म “पुढं सरका, पुढं सरका” म्हणण्यात गेला, त्यामुळे मागे वळून बघायची सवय मुळातच नाही. खाकी गेली, पण कानावरची पेन्सिल राहिली. तिकिटांचा पत्र्याचा डबाही राहिला. आता त्यात पाखरांच्या पायात घालायच्या ॲल्युमिनियमच्या रिंगा असतात, साल आणि नंबर कोरलेल्या. शर्टाच्या खिशात कांगणीची टरफलं आणि केसांत एखादं पीस. त्यांच्या मांडीवर वही असली की बोलायला जायचं नाही, हे गल्लीतल्या पोरांनाही ठाऊक आहे. वहीत जोडीचा नंबर, अंडं पडल्याची तारीख आणि पिल्लू फुटल्याची तारीख असते. शेवटच्या रकान्यात, जिथे दुसरा माणूस रंग लिहील, तिथे अण्णा पेन्सिलीने लिहितात, “शक्य”.

त्यांची पाखरं म्हणजे बजरीगर. गावात त्यांना बजी म्हणतात. हे मूळचे ऑस्ट्रेलियाचे छोटे पोपट. रानात सगळे हिरवे, डोकं पिवळं, पाठीवर काळ्या रेघा. जॉन गूल्ड या पक्षीतज्ज्ञाने 1840 साली ते जिवंत इंग्लंडात नेले आणि तिथून माणसांनी त्यांचे रंग वेगळे करायला घेतले. एके दिवशी हिरव्या आईबापांच्या पोटी पिवळं पिल्लू आलं, कधी निळं, कधी पांढरंफेक. ज्याच्या घरी आलं त्याची झोप उडाली. नळदुर्गात ही झोप उडायला जवळजवळ पावणेदोनशे वर्षं लागली, पण उडाली ती कायमची.

अण्णांचं सगळं तत्त्वज्ञान एका शब्दात मावतं, तो म्हणजे स्प्लिट. पाखरू दिसायला हिरवं, पण रक्तात निळा दडलेला, तर ते निळ्याचं स्प्लिट. दोन स्प्लिट जोडीला लावले की प्रत्येक अंड्यातून निळं पिल्लू निघण्याची शक्यता चारात एक. इथपर्यंत शास्त्र आहे आणि अण्णा त्यात पक्के आहेत. गडबड पुढे होते. मडक्यात चार अंडी दिसली की कंडक्टर जागा होतो. चार सीट, त्यातली एक राखीव. मग अठरा दिवस राखीव सीटची वाट बघायची. वास्तविक प्रत्येक अंडं आपापलं नशीब वेगळं घेऊन येतं, आधीच्या तीन अंड्यांशी त्याचा काही करार नसतो. चारही पिल्लं हिरवी निघतात. दुसरा कुणी कपाळावर हात मारून घेईल. अण्णा मात्र वहीत लिहितात, “चारही शक्य स्प्लिट.” आणि हिशेबाने ते बरोबरही असतं. अशा हिरव्या पिल्लांपैकी सरासरी तिनात दोन खरोखर स्प्लिट असतात, फक्त कुठली दोन ते देव जाणे. म्हणजे निळं एक पाहिजे होतं ते मिळालं नाही, पण निळ्याची आशा चार पटींनी वाढली. ज्या नुकसानीतून एवढी आशा निघते तिला अण्णा नुकसान मानत नाहीत.

ही नजर मग पाखरांपुरती राहत नाही. शेजारचा पोरगा दहावीत दोनदा नापास झाला, तेव्हा त्याच्या बापाचं सांत्वन करायला अण्णा गेले. “वरून दिसतंय तेवढ्यावर जाऊ नका. त्याच्या आज्याचं अक्षर मोत्यासारखं होतं. पोरगा स्प्लिट आहे.” बापाला शब्द कळला नाही, पण बरं वाटलं. थोरल्या मुलीच्या वेळी मुलगा बघायला गेले तेव्हा सगळ्यांनी पगार विचारला, शेती विचारली. अण्णांनी मुलाच्या चुलत आजोबांची चौकशी केली आणि बाहेर येऊन बायकोला, म्हणजे काकूंना, म्हणाले, “दिसायला साधाच आहे, पण लाईन चांगली आहे.” काकूंनी लग्न जमवलं ते पगार बघून, ही गोष्ट वेगळी.

नळदुर्गचं नाव नळ राजाशी जोडलेलं आहे, अशी गावात जुनी समजूत आहे. किल्ला त्यानेच बांधला म्हणतात. इतिहासवाले त्यावर मान हलवतात. अण्णांना इतिहासवाल्यांशी काही देणंघेणं नाही. त्यांच्यासाठी नळाची गोष्ट म्हणजे पाखरांच्या पैदाशीचं पहिलं पाठ्यपुस्तक. महाभारताच्या वनपर्वात नळ बागेत एक हंस पकडतो, आणि त्या हंसाचे पंख सोन्याचे असतात. “सोन्याचे म्हणजे काय?” अण्णा विचारतात आणि उत्तराची वाट न बघता सांगतात, “काळा रंग गेला, पिवळा राहिला. ल्युटिनो! आमच्या गावात ल्युटिनो पहिल्यापासून आहे.” हा पुरावा कच्चा वाटला तर पुढचा तयार असतो. दमयंतीच्या स्वयंवरात इंद्र, अग्नी, वरुण आणि यम हे चौघे देव नळाचंच रूप घेऊन बसतात. पाच नळ, पाचही सारखे. मग दमयंती बघते की देवांना घाम येत नाही, त्यांची पापणी लवत नाही, गळ्यातले हार कोमेजत नाहीत आणि पाय जमिनीला टेकत नाहीत. घामेजलेला, पापणी लववणारा, तो आपला. अण्णा इथे आवाज खाली आणतात. “दिसायला पाच सारखे, आत वेगळे. त्या काळी बाईमाणसाला कळत होतं. आणि आमच्याकडे येणारे ग्राहक विचारतात, हिरव्याचे एवढे पैसे कशाला?”

पाच सारख्यांतून खरा ओळखण्याची ही विद्या अण्णांना एकदा ऐनवेळी दगा देऊन गेली. बजीचा नर-मादी ओळखतात चोचीच्या वर, नाकपुड्यांभोवती जी मऊ गादी असते तिच्या रंगावरून. वयात आलेल्या नराची निळी, मादीची तपकिरी. पण पांढऱ्या आणि पिवळ्या पाखरांत हा नियम लंगडा पडतो. त्यांच्या नराची गादी गुलाबी-जांभळीच राहते आणि कोवळ्या मादीची फिकट निळसर असते. अण्णांनी सोलापूरहून अल्बिनोची जोडी आणली. दोघांचं इतकं गूळपीठ जमलं की अण्णांनी मडक्याला हार घालायचा तेवढा बाकी ठेवला. दहा-बारा दिवसांत मडक्यात दहा अंडी! बजी एका वेळी चार ते सहा घालते. अण्णांनी गल्लीत पेढे वाटले. मग एका रात्री दिवे मालवून, मोबाईलच्या उजेडावर एकेक अंडं धरून बघितलं. फळलेल्या अंड्यात लाल शिरांचं जाळं दिसतं. इथे दहाही अंडी आरपार स्वच्छ, आत नुसता पिवळा बलक. दोन्ही माद्या होत्या. त्यांनी सहमतीने मडकं भरलं होतं.

काकू दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “आवं, तुमच्यापेक्षा किल्ल्यातला नर-मादी बरा. पाणी कमी असू द्या, पण कोण कोणता ते तरी ठरलेलं हाय.”

काकूंचा उल्लेख इतका उशिरा आला ही चूक नव्हे, हा त्या घराचा रिवाज आहे. बोलतात अण्णा, चालवतात काकू. घराच्या मागच्या बाजूला काकूंच्या शेळ्या आहेत, उस्मानाबादी जातीच्या. जिल्ह्याचं नाव बदललं, शेळीचं राहिलं. ही जात ह्याच भागातली, दख्खनच्या कोरड्या हवेत बोरी-बाभळीवर निभावणारी, बहुतेक काळीभोर, आणि जुळी देण्याबद्दल नावाजलेली. काकूंना त्यांच्या रंगात काही गोडी नाही. करडू उभं राहिलं का, दूध ओढतंय का, किती महिन्यांत किती किलो भरलं, एवढंच त्या बघतात. त्यांची वहीसुद्धा आहे, पण ती पेनाने लिहिलेली, खोडाखोड नसलेली. अण्णांच्या पाखरांची कांगणी, समुद्रफेस, औषधं, मडकी, सगळं ह्या काळ्या शेळ्यांच्या पैशातून येतं. अण्णा हे नाकारत नाहीत, फक्त त्याला “तात्पुरती व्यवस्था” म्हणतात.

एकदा अण्णांनी काकूंना शास्त्र पटवायचा प्रयत्न केला. पिवळा-पांढरा रंग आणणारा तो इनो नावाचा गुण लिंगाशी बांधलेला असतो, आणि पक्ष्यांत कारभार माणसांच्या उलट असतो. नराकडे दोन सारखी गुणसूत्रं, मादीकडे दोन वेगळी. म्हणून नर आत एक रंग दडवून वर दुसरा मिरवू शकतो. मादीला ती सोय नाही. तिच्यात इनो असला तर तो दिसणारच.

“म्हणजे मादी काही लपवू शकत नाही,” अण्णांनी समारोप केला.

“आणि नर लपवतो,” काकू म्हणाल्या. “हे कळायला पाखरं कशाला पाळायला पाहिजेत?”

खरी लढाई मात्र खलबत्त्यावरून झाली. अण्णांना कुठून तरी कळलं होतं की बजीच्या पिसात निळा रंग नसतोच, आणि ही गोष्ट खरी आहे. पिसाच्या आत अतिसूक्ष्म पोकळ्यांची अशी रचना असते की तिच्यावर पडलेल्या प्रकाशातला निळा भाग परत फिरतो. त्याच्या वर पिवळ्या रंगाचा थर असला की पाखरू हिरवं दिसतं, पिवळा गेला की निळं. 2017 साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या संशोधकांनी तो पिवळा तयार करणारा जनुक शोधला. निळ्या बजीत त्या जनुकाच्या प्रथिनात एकच अमिनो आम्ल बदललेलं असतं, तेवढ्याने पिवळा बंद. अण्णांना हे दोन पाहुण्यांना हाताने दाखवायचं होतं. त्यांनी एक गळालेलं निळं पीस आणि काकूंचा शेंगदाण्याच्या चटणीचा खलबत्ता घेतला. पीस आधी कात्रीने बारीक केलं, खलात टाकलं आणि बत्ता गरगर फिरवत कुटलं. वर धरलं तेव्हा निळा गायब. काळपट राखाडी भुगा, राखेसारखा. रचनाच मोडली, मग निळं कुठून दिसणार? पाहुणे खरोखर थक्क झाले. अण्णा विजयी मुद्रेने म्हणाले, “बघा, होतंच कुठं?” आणि खल झटकून जागेवर ठेवून दिला. संध्याकाळच्या चटणीत ते शास्त्र थोडं राहून गेलं. त्यानंतर त्या घरात खलबत्त्याला कुलूप नाही, पण त्याची जागा अण्णांना माहीत नाही.

अशा माणसाच्या आयुष्यात साप येणारच होता. पुण्यातल्या भाच्याने दिवाळीत मोबाईलवर एक चित्र दाखवलं. किंगस्नेक, अमेरिकेतला, कॅलिफोर्नियाचा. मूळचा काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा, पण पाळणाऱ्यांनी त्याला कुठच्या कुठे नेलेला. कुणी पट्टे आडवे होते ते उभे केले, कुणी काळं पुसून गुलाबी-पांढरा केला, कुणी फिकट जांभळा, कुणी केळ्यासारखा पिवळा. विष नाही, विळखा घालून मारतो. अण्णांचे डोळे विस्फारले ते सापाने नव्हे. भाचा बोलता बोलता म्हणाला की जो साप साधा दिसतो पण आत रंग बाळगून असतो त्याला तिकडचे लोक ‘हेट’ म्हणतात, आणि हेट गुणिले हेट म्हणजे चारात एक. अण्णा उठून उभे राहिले. “म्हणजे स्प्लिटच की!” सातासमुद्रापार आपला माणूस सापडल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मावेना. त्या रात्री त्यांनी वहीचं नवीन पान घेऊन वर ‘साप’ असं लिहिलं.

बातमी सकाळी बसस्टँडवर पोचली तोवर किंगस्नेकचा किंग कोब्रा झाला होता. दुपारपर्यंत अण्णांच्या घरात नागराज असल्याचं पक्कं झालं. एक सर्पमित्र काठी आणि पिशवी घेऊन आला, चहा पिऊन गेला. त्याहून वाईट पाहुणे रात्री आले. मोटारसायकलवर दोघं, तोंडाला रुमाल. अंगणाच्या कडेला उभे राहून हळूच म्हणाले, “माल दाखवा. किती किलोचा हाय?” मांडुळाच्या नादाला लागलेली माणसं होती ती. दोन तोंडांचा म्हणून, गुप्तधन दाखवतो म्हणून, जितकं वजन तितका पैसा म्हणून महाराष्ट्रभर लोक ह्या गरीब सापाच्या मागे लागतात. कायदा त्याला संरक्षण देतो आणि ही माणसं तुरुंगात जातात, तरी आशा सुटत नाही. अण्णांना वाटलं ग्राहक आले. त्यांनी उत्साहाने दिवा लावून अल्बिनोच्या दोन्ही माद्या दाखवल्या, इनोचा सिद्धान्त सुरू केला आणि वही उघडली. मांडूळवाल्यांनी पोलीस नव्हे तर वेडा पाहिला आणि गाडीला किक मारली. गुप्तधनाच्या मागे लागलेल्या माणसांनाही अण्णांची आशा झेपली नाही.

सापाचं पान पुढे भरलं नाही, त्याला कारण कायदा. बजीच्या बाबतीत अण्णा निश्चिंत होते. पोपटांच्या जवळजवळ सगळ्या जाती आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या निर्बंधांच्या यादीत आहेत, त्यातून जे चार सुटले त्यांत बजी आहे. वन्यजीव कायद्यात 2022 साली दुरुस्ती झाली, 2024च्या फेब्रुवारीत विदेशी प्राण्यांच्या नोंदणीचे नियम आले, तेव्हा गावोगावचे कोनूर-मकावसारखे परदेशी पोपट पाळणारे ‘परिवेश’ पोर्टलवर अर्ज भरत बसले. अण्णा त्यांना ओटीपी वाचून दाखवायला जात. पण साप परदेशातून आणायचा म्हणजे परवाने, विलगीकरण आणि नाना कागद. परवाना नसलेले लोक कसे आणतात ते भाच्याने दाखवलेल्या बातमीत होतं. डिसेंबर 2023मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या प्रवाशाच्या सामानात बिस्किटांच्या आणि केकच्या पाकिटांतून 9 बॉल पायथन आणि 2 कॉर्न स्नेक निघाले. काकूंनी ती बातमी दोनदा वाचून घेतली. तेव्हापासून अण्णांनी बाजारातून आणलेला बिस्किटपुडा त्या आधी हलवून बघतात.

तरी भाच्याशी चर्चा चालूच राहिली, आणि तिने काकूंना नवा दारूगोळा पुरवला. किंगस्नेक दुसरे साप खातो, अमेरिकेतला विषारी रॅटलस्नेकही गिळतो, त्याला ते विष फारसं बाधत नाही, म्हणून तर तो किंग. पण भूक लागली तर तो आपल्याच जातीचाही विचार करत नाही. म्हणून नर-मादी एरवी वेगळ्या खणात ठेवतात, आणि जोडी लावताना मादीला आधी पोटभर खायला घालतात. “नाहीतर?” काकूंनी विचारलं. “नाहीतर ती नवऱ्याला खाते,” भाचा म्हणाला. काकू बराच वेळ अण्णांकडे बघत राहिल्या.

पुढची गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. स्पेनच्या ताब्यातल्या ग्रान कनारिया बेटावर पाळलेले किंगस्नेक सुटले, 1990च्या दशकाच्या अखेरीपासून ते मोकळ्यावर दिसू लागले, आणि आता हजारोंनी झाले आहेत. त्यांत पांढरे अल्बिनोही आहेत, म्हणजे कुणाच्या तरी वहीतून पळालेले. ते जिथे पसरले तिथे बेटाचे मूळचे मोठे सरडे जवळजवळ दिसेनासे झाले. हे ऐकून अण्णा पहिल्यांदाच गप्प झाले. नंतर त्यांनी प्रत्येक पिंजऱ्याची कडी तपासली आणि सापाचं पान वहीतून फाडून टाकलं. अण्णा भाबडे आहेत, बेजबाबदार नाहीत.

भाच्याने एक दुखरी गोष्टही सांगितली. अल्बिनो बॉल पायथन पहिल्यांदा घरी पैदा केला अमेरिकेतल्या बॉब क्लार्क यांनी, 1992 साली. तेव्हा एकेका पिल्लाची किंमत हजारो डॉलर. आता तेच पिल्लू काहीशे डॉलरच्या आत मिळतं. कारण सरळ आहे. दुर्मिळ म्हणून दहा जणांनी घेतलं, दहांनी त्याची पिल्लं काढली, शंभरांनी घेतली, आणि दुर्मिळ संपलं. बजीचंही हेच झालं होतं. 1920च्या दशकात जपानी श्रीमंतांना निळ्या बजीचं वेड लागलं, युरोपातल्या पाळणाऱ्यांनी घरंदारं विसरून निळे काढले आणि थोड्याच वर्षांत तो बाजार भुईसपाट झाला. आज निळा बजी कुठल्याही जत्रेत मिळतो. ह्या धंद्यात यश आलं की धंदा बुडतो. अण्णांनी हे शांतपणे ऐकून घेतलं. त्यांना यश आलेलं नव्हतं, त्यामुळे धोका नव्हता.

त्यांचं ध्येय होतं रेनबो. पांढुरक्या-पिवळ्या पंखांचा, आकाशी पोटाचा, पिवळ्या तोंडाचा बजी. तो एका गुणाने होत नाही. निळा पाहिजे, पिवळं तोंड पाहिजे, ओपलाइन पाहिजे आणि क्लिअरविंग पाहिजे. चार गुण चार दिशांनी येऊन एका अंड्यात भेटले पाहिजेत. त्यातला एखादा आला की दुसरा निसटायचा. जे पिल्लू अण्णांच्या हिशेबात बसत नसे ते ‘साधं’ म्हणून बाजूला पडे. अशी साधी पाखरं काकू नेऊन शेळ्यांच्या शेडमधल्या मोठ्या पिंजऱ्यात सोडत. वही नाही, रिंग नाही, जोडी लावणं नाही. कुणी कुणाशी संसार केला याची नोंद तिथे कुणी ठेवली नाही. शेळीची पेंड टाकताना काकू मूठभर कांगणी तिकडेही टाकत.

आता ज्याने बजीच्या आनुवंशिकतेची दोन पानं वाचली आहेत त्याला पुढे काय झालं ते कळलं असेल. अण्णांनी टाकून दिलेली पाखरं दिसायला साधी, पण बहुतेक सगळी स्प्लिट. रेनबो अण्णांच्या वहीत जन्मला नाही. तो शेळ्यांच्या शेडमध्ये, वारसनोंद नसलेल्या आईबापांच्या पोटी, एका फुटक्या गाडग्यात जन्मला. काकूंनी आत येऊन सांगितलं, “त्या शेडमधल्याचं एक पिल्लू रंगीत झालंय. आजारी तर नाही ना?”

अण्णा अनवाणी धावले. पाखरू बघितलं, मग वही बघितली, मग पुन्हा पाखरू. आनंद करावा तर आईबापांचा पत्ता नाही, आणि वंशावळ नसलेलं पाखरू म्हणजे अण्णांच्या लेखी बिनतिकिटाचा प्रवासी. त्यांनी शेडमधल्या प्रत्येक नरावर संशय घेतला. दोन दिवस खुर्ची टाकून समोर बसले, कोण कोणाला भरवतं ते लिहीत. शेळ्यांनी त्या वहीची चार पानं खाल्ली.

तेवढ्यात सोलापूरचा एक पाखरांचा व्यापारी आला. त्याने पिल्लू हातात घेतलं, पंख पसरून बघितला आणि म्हणाला, “चांगलं आहे. पण अण्णा, रेनबो आता सगळीकडे झालाय. पंधराशे देतो.” ज्या किमतीच्या स्वप्नात अण्णांनी निवृत्तीचा सगळा काळ काढला तिच्यातला शेवटचा शून्य गळून पडला होता. अण्णा खाली बसले.

काकू मात्र उभ्याच होत्या. त्यांनी आतून सोन्या-चांदीचा छोटा वजनकाटा आणला, पिल्लू पिशवीत घालून ठेवलं. पस्तीस ग्रॅम. मग त्यांनी आपल्या पेनाने, आपल्या वहीत, आयुष्यभर ज्या एकाच हिशेबावर विश्वास ठेवला तो केला. पंधराशेला पस्तीस ग्रॅम, तर किलोला किती? उत्तर आलं बेचाळीस हजार आठशेच्या वर. काकूंनी दोनदा पडताळलं. मग शेडमधल्या पिंजऱ्याकडे त्यांनी ज्या नजरेने बघितलं ती नजर त्या घरात आजवर फक्त अण्णांची होती.

“आवं,” त्या म्हणाल्या, “दहा मडकी आणा.”

मडकी आणायला अण्णांबरोबर मीही निघालो. मला वाटलं होतं माणूस हरखून गेला असेल. पण अण्णा धास्तावलेले होते. काकूंनी हात घातला की तो धंदा फायद्यात येतो, हा त्यांचा जुना अनुभव. फायद्यात आलेल्या धंद्यात गल्ली उतरते, गल्लीमागोमाग गाव उतरतं, आणि मग रेनबोला कुत्रं विचारत नाही. ते बसस्टँडपर्यंत गप्प चालले. कुंभाराच्या दारात मात्र एकदम थांबले आणि माझा दंड धरला.

“काळा,” ते म्हणाले. “पूर्ण काळा बजी. जगात अजून कुणाला जमलेला नाही. लई वेळ लागेल.” आणि ‘लई वेळ लागेल’ म्हणताना त्यांचा चेहरा असा उजळला की कुंभारानेही मान वर करून बघितलं.

परत आल्यावर मी ही बातमी काकूंना सांगितली. त्या मडकी मोजत होत्या. मोजणं न थांबवता म्हणाल्या, “काळंच पाहिजे होतं तर आमच्या शेळ्या काय वाईट होत्या?”